६१७ अंकांचं कुलूप: क्वांटम कॉम्प्युटर आला तर सातबाऱ्यावरच्या डिजिटल सहीचं काय?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हिंगणी. बोर धरणाच्या आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचं गाव. समजा, इथला एक बारावी झालेला मुलगा वडिलांच्या पीककर्जासाठी मोबाईलवर डिजिटल सातबारा काढतो. १५ रुपये भरले, पीडीएफ आली. वडील कागद उलटसुलट करून विचारतात, "याच्यावर तलाठ्याची सही कुठी हाय रे?" मुलगा सांगतो, "बाबा, सही आतमध्ये आहे. डिजिटल."

त्याच दिवशी त्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येतो: "क्वांटम कॉम्प्युटरने एन्क्रिप्शन फोडलं! आता बँक, आधार, काहीच सुरक्षित नाही!"

आता त्या मुलाला पडलेला प्रश्न अगदी बरोबर आहे. सही आतमध्ये आहे, तर ती नेमकी कशाच्या भरवशावर आहे? आणि तो भरवसा खरंच मोडला का?

उत्तर एका मोठ्या संख्येत आहे. सातवी-आठवीचं गणित आठवत असेल तर हा लेख पूर्ण समजेल. चला, बघूया.

सही म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार

शाळेत आपण मूळ संख्या आणि संयुक्त संख्या शिकलो. ७, १३, ९७ या मूळ संख्या, कारण १ आणि ती स्वतः सोडून त्यांना दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही. ९१ दिसायला मूळ वाटते, पण ती ७ × १३ आहे, म्हणून संयुक्त.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी यावर एक कुलूप बनवलं. त्यांच्या नावांवरून त्याला आरएसए म्हणतात. युक्ती अशी: दोन प्रचंड मूळ संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. गुणाकार सगळ्या जगाला सांगा, पण त्या दोन मूळ संख्या स्वतःजवळ लपवून ठेवा. सही करायला लपवलेल्या संख्या लागतात. सही तपासायला मात्र जाहीर केलेला गुणाकार पुरतो. म्हणजे सही एकालाच करता येते आणि तपासता सगळ्यांना येते.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे डिजिटल सहीला कायद्याची मान्यता मिळाली. आपल्याकडच्या डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रांमध्ये २०४८ बिटांचं आरएसए अनेक वर्षं रुळलेलं आहे. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडवरही २०४८ बिटांची सही असते. २०४८ बिट म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत जवळपास ६१७ अंकांची संख्या. वहीच्या एका ओळीत ३० अंक लिहिले तरी २१ ओळी लागतील.

या ६१७ अंकी संख्येचे दोन अवयव ज्याला सापडतील, त्याला सही करणाऱ्याच्या नावाने हवी ती सही करता येईल. तो कागद तपासणीत बिनचूक पास होईल. थोडक्यात, पणाला लागलंय ते हेच.

मोठी संख्या म्हणजे अवघड संख्या? नाही!

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. संख्या नुसती मोठी असून भागत नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ६१७४ या आकड्यामुळे ते जगभर माहीत झाले. ११, १११, ११११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांशीही ते खेळत. त्यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे येतात, आणि अशा संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं. ही कल्पना त्यांना ज्या स्टेशनवर सुचली त्याचं हे जुनं नाव. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो.

आता १११११ पुढे अजून एक १ लावा: १११११११ नको, सहाच एक घ्या, म्हणजे १११११११ मधला एक कमी, १११,१११. ही संख्या १११ × १००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. कॅल्क्युलेटर न लावता पाचही अवयव बाहेर! आता ६१६ वेळा १ लिहा. संख्या जवळपास सहीच्या कुलपाएवढीच लांब झाली. तरीही अंक सम संख्येने आहेत म्हणून तिला ११ ने भाग जातो, हे तुम्ही न मोजता सांगाल. ४ ने भाग जाणाऱ्या ६१६ मुळे १०१ नेही भाग जातो.

म्हणजे जिच्यात नक्षी आहे ती संख्या लांब असूनही उघडी असते. कुलपासाठी अशी संख्या लागते जिच्यात कुठलीही नक्षी नाही, आणि जिचे दोनच अवयव आहेत, दोन्ही साधारण ३०० अंकांचे. आरएसए कंपनीने आव्हान म्हणून जाहीर केलेली "आरएसए-२०४८" ही अशीच संख्या. ती २५१९५९०८४७ अशी सुरू होते आणि ३५७ वर संपते. ती फोडणाऱ्याला २ लाख डॉलरचं बक्षीस होतं. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली. संख्या अजून फुटलेली नाही.

फुटते हे माहीत, कुठे फुटते ते माहीत नाही

आता सगळ्यात मजेशीर गोष्ट. एखादी संख्या संयुक्त आहे हे तिचा एकही अवयव न शोधता सिद्ध करता येतं.

९१ घेऊनच करून बघा. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचा १६४० चा नियम सांगतो: संख्या मूळ असेल आणि २ पेक्षा मोठी असेल, तर २ चा "तिच्यापेक्षा एक कमी" इतका घात घ्या, त्याला त्या संख्येने भागा, बाकी १ च उरते. ७ साठी तपासा: २ चा ६ वा घात ६४, भागिले ७, बाकी १. बरोबर.

९१ साठी २ चा ९० वा घात हवा. घाबरू नका. २ चा १२ वा घात ४०९६. ९१ × ४५ = ४०९५. म्हणजे बाकी १. प्रत्येक १२ पायऱ्यांनी बाकी पुन्हा १ वर येते, घड्याळासारखी. ८४ म्हणजे १२ चे सात फेरे, तिथेही बाकी १. उरल्या ६ पायऱ्या: २ चा ६ वा घात ६४. म्हणून ९० व्या घाताची बाकी ६४. ती १ नाही. संपलं! ९१ मूळ असूच शकत नाही. आणि आपण ७ किंवा १३ चं नावही घेतलं नाही.

हीच चाचणी ६१७ अंकी संख्येवर लावायची तर साधारण दोन हजार वेळा वर्ग करून बाकी काढावी लागते. तुमचा फोन हे डोळ्याची पापणी लवते तोवर करतो. या चाचणीला चकवणाऱ्या काही संख्या आहेत, उदाहरणार्थ ३४१. ती ११ × ३१ आहे, तरी २ घेऊन तपासली की बाकी १ च देते. म्हणून प्रत्यक्षात याहून कडक चाचण्या वापरतात. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तर कधीच न फसणारी आणि तरीही वेगवान पद्धत असू शकते हे सिद्ध करून जगाला चकित केलं.

पण अवयव? तिथे गाडी अडते. २ चा ६७ वा घात उणे १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही २१ अंकी संख्या संयुक्त आहे हे ल्युकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मध्ये २७ वर्षं गेली. आज तेच काम तुमचा फोन क्षणात करेल, पण अंक वाढवत नेले की तीच दरी पुन्हा उघडते.

"संयुक्त आहे" हे कळणं आणि "कशाची बनली" हे कळणं यात जी दरी आहे, तिच्यावर आपली डिजिटल सही उभी आहे. आणि एक गोष्ट बातम्यांमध्ये फारशी येत नाही. ही दरी कायम राहील हे आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. खूप हुशार माणसांनी प्रयत्न केले आणि त्यांना जलद रस्ता सापडला नाही, भरवसा एवढाच.

अंदाज आधीही चुकलेत

१९७७ मध्ये आरएसएवाल्यांनी १२९ अंकी एक संख्या कोडं म्हणून दिली होती. ती फोडायला अब्जावधी नव्हे, त्याच्याही कितीतरी पट वर्षं लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. १९९४ मध्ये इंटरनेटवर जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी काही महिन्यांत ती फोडली. कॉम्प्युटर वेगवान झाले होते, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पद्धती सुधारल्या होत्या.

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए-२५० फुटली. त्यासाठी लागलेली मेहनत एकाच प्रोसेसर कोअरवर केली असती तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. साध्या कॉम्प्युटरवर २५० वरून ६१७ अंकांवर उडी मारणं आजच्या पद्धतींना झेपणारं नाही. अंक अडीच पट झाले म्हणून मेहनत अडीच पट होत नाही, ती आवाक्याबाहेर फुगते.

मग क्वांटम कॉम्प्युटर वेगळं काय करतो?

पुन्हा ९१ कडे या. आपण पाहिलं की बाकी दर १२ पायऱ्यांनी १ वर परत येते. त्या १२ चा अर्धा ६, आणि २ चा ६ वा घात ६४. म्हणजे ६४ × ६४ मधून १ वजा केला की ९१ ने पूर्ण भाग जातो. शाळेतलं सूत्र लावा: ते म्हणजे ६३ × ६५. आता ६३ आणि ९१ यांचा मसावि काढा: ७. ६५ आणि ९१ यांचा मसावि काढा: १३. अवयव हातात!

म्हणजे फेरा किती पायऱ्यांचा आहे एवढं कळलं की बहुतेक वेळा संख्या फुटते. ९१ चा फेरा १२ चा. ६१७ अंकी संख्येचा फेरा स्वतःच शेकडो अंकी असतो, आणि साधा कॉम्प्युटर तो मोजत बसला तर विश्वाचं वय कमी पडेल. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम कॉम्प्युटर हा फेरा झटपट शोधू शकतो. तो सगळे अवयव "एकदम तपासून" बघतो असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. तो फक्त फेरा पकडतो. बाकीचं काम सातवीच्या मसाविचं.

२००१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत या पद्धतीने पहिली संख्या फोडली गेली. कुठली? १५. हो, ३ × ५.

बातमी वाचताना विचारा: संख्या किती अंकी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये "चिनी संशोधकांनी लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलं" अशा मथळ्यांची लाट आली होती. शांघायच्या संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीचं क्वांटम यंत्र वापरून खरंच आरएसए प्रकारची एक संख्या फोडली होती. पण ती होती २२ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त सात अंकी! तिचा लहान अवयव २०४८ पेक्षा लहान असणार, आणि २०४८ पर्यंत मूळ संख्या आहेत फक्त ३०९. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर तुम्हीही एका सुट्टीच्या दिवसात ती फोडाल. २२ बिट आणि २०४८ बिट यांची तुलना मथळ्यात कुणी केली नाही.

पण म्हणून सगळंच हसण्यावारी नेऊ नका. खरी दखल घ्यावी अशी बातमी मे २०२५ ची आहे. गुगलचे क्रेग गिडनी यांनी हिशेब मांडला की आरएसए-२०४८ एक आठवड्याच्या आत फोडायला दहा लाखांपेक्षा कमी क्यूबिट पुरतील. त्यांचाच २०१९ चा अंदाज होता २ कोटी क्यूबिटचा. यंत्र तसंच कागदावर आहे, पण लागणारा आकडा सहा वर्षांत वीस पट खाली आला. १२९ अंकी संख्येच्या बाबतीतही हेच झालं होतं ना? यंत्राआधी पद्धत सुधारते.

आणि प्रत्यक्षात आपण कुठे आहोत? गुगलच्या डिसेंबर २०२४ च्या विलो चिपवर १०५ क्यूबिट. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये डीआरडीओ आणि टीसीएसच्या साथीने तयार झालेल्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, त्यात ६ क्यूबिट. केंद्राच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, त्याचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिट. दहा लाख अजून खूप दूर आहेत.

कागदाचं आयुष्य यंत्राच्या वाटेपेक्षा मोठं असेल तर?

इथे दोन धोके वेगळे करायला हवेत.

पहिला धोका गुपितांना. कुणी आज तुमचा कुलूपबंद डेटा नुसता साठवून ठेवला आणि दहा-पंधरा वर्षांनी यंत्र आल्यावर उघडला तर? म्हणून मेसेजिंग ॲप्सनी आधीच हालचाल केली. सिग्नलने २०२३ मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये क्वांटमला टिकणारी कुलपं जोडली. क्रोम ब्राउझरमध्येही २०२४ पासून अशी कुलपं सुरू झाली. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन नवी मानकं जाहीर केली. त्यांचा पाया अवयव पाडण्यावर नाही, वेगळ्याच गणितावर आहे. आरएसए-२०४८ सारख्या पद्धती २०३० नंतर टाळाव्यात आणि २०३५ नंतर बंद कराव्यात, असा त्यांच्या आराखड्याचा मसुदा आहे.

दुसरा धोका सह्यांना. तो आज नाही, यंत्र येईल त्या दिवशी सुरू होईल. पण हिंगणीच्या त्या मुलाच्या दृष्टीने हाच मोठा आहे. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं. जमिनीच्या कागदाचं तीन पिढ्यांचं. वाटणीच्या भांडणात वीस-तीस वर्षांपूर्वीचा कागद निघतो, हे गावात कुणालाही विचारा. समजा २०४५ मध्ये कुणी मागची तारीख टाकून एक "डिजिटल सही असलेला" कागद कोर्टात आणला. तोवर ते ६१७ अंकी कुलूप फुटलेलं असेल, तर ही सही खरी की बनावट हे फक्त गणिताला सांगता येणार नाही.

यावर उपाय आहेत. मूळ नोंद सरकारी डेटाबेसमध्ये असते, तिच्याशी कागद ताडून बघता येतो. जुन्या नोंदींवर वेळीच नव्या पद्धतीची सही आणि वेळेचा शिक्का पुन्हा मारता येतो. मात्र हे काम कुलूप फुटण्याआधी व्हायला हवं, नंतर करून उपयोग नाही. म्हणून "क्वांटम कॉम्प्युटर कधी येणार?" यापेक्षा "आपल्या जमिनीच्या, जन्माच्या, शिक्षणाच्या डिजिटल कागदांच्या सह्या कुठल्या वर्षापर्यंत बदलणार?" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. तो विचारायला गणिताची पदवी लागत नाही.

तुम्ही आज काय कराल?

- फोन आणि ॲप्स अपडेट ठेवा. नवी कुलपं अपडेटमधूनच येतात.
- पीडीएफ कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली म्हणून खरी मानू नका. महत्त्वाचा व्यवहार असेल तर सातबारा अधिकृत पोर्टलवरून स्वतः काढा.
- "एन्क्रिप्शन फोडलं" अशी बातमी आली की आधी शोधा, संख्या किती बिटांची होती.
- आणि लक्षात ठेवा, तुम्हाला फसवणारा भामटा ६१७ अंकी संख्या फोडत बसत नाही. तो फोन करून ओटीपी मागतो.

तर हिंगणीच्या त्या वडिलांना काय सांगायचं? सही आहे, आणि आज ती तलाठ्याच्या शाईच्या सहीपेक्षा नक्कल करायला कितीतरी अवघड आहे. फक्त शाई जशी फिकी पडते तसं हे कुलूपही कधीतरी जुनं होणार आहे. ते वेळेवर बदललं जातंय ना, यावर लक्ष ठेवायचं काम आता मुलाच्या पिढीचं.